कंपनी काढते तेव्हा आणि आपण सोडतो तेव्हा: ठाणे-नवी मुंबईतल्या परमनंट व कंत्राटी नोकरदारांसाठी

ऐरोलीतल्या कुठल्याही मोठ्या आयटी पार्कात एकाच टेबलाशी बसणारी तीन माणसं घ्या. प्रोजेक्ट एक, मॅनेजर एक, दुपारचा डबाही एकत्र. पहिला कंपनीच्या पगारपत्रकावर आहे. दुसरी स्टाफिंग कंपनीमार्फत आलेली आहे. तिसरा दर महिन्याला बिल पाठवतो, त्याला सगळे कन्सल्टंट म्हणतात. प्रोजेक्ट बंद झालं की पहिल्याला नोटीस किंवा नोटिशीचा पगार मिळतो, दुसरीला "उद्यापासून येऊ नका" असा फोन येतो आणि तिसऱ्याचं शेवटचं बिल अडकून बसतं. महापे-रबाळ्याचे कारखाने, वागळे इस्टेटमधली वर्कशॉप्स, महापालिकेची ठेक्यावरची कामं, सगळीकडे हीच विभागणी वेगवेगळ्या नावांनी आहे.

या पट्ट्यात बरीच वर्षं एच.आर.मध्ये काम केल्यावर आता मी लोकांची अपॉइंटमेंट लेटर्स, राजीनामे आणि हिशेब बघून देते. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. "परमनंट" या शब्दावर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात आणि "कॉन्ट्रॅक्ट" या शब्दाला गरजेपेक्षा जास्त घाबरतात. कागदावर तुमचा मालक कोण, कायदा तुम्हाला कामगार मानतो का आणि मुदतीच्या आत तुम्ही लेखी काय केलंत, यावर सगळं ठरतं. पुढचा लेख साधारण त्याच क्रमाने आहे.

आधी कायद्याबद्दल एक खुलासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेत गेला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या कलमांचे आकडे त्यामुळे शिळे झाले आहेत. मूळ तत्त्वं बरीचशी तीच राहिली, पण काही मर्यादा आणि मुदती बदलल्या. त्या जिथल्या तिथे सांगते.

पहिली पायरी: मालक कोण ते कागदावर शोधा

चार कागद समोर घ्या: अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, उमंग ॲपवरून काढलेलं पीएफचं पासबुक आणि फॉर्म १६. चारही ठिकाणी मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. बऱ्याच जणांना इथेच पहिला धक्का बसतो.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं उदाहरण देते. ऐरोलीत एका बँकेच्या बॅक ऑफिसला होती. गळ्यातलं कार्ड बँकेचं, ईमेल बँकेचा, रजा मंजूर करणारे सर बँकेचे. पगाराच्या स्लिपवर मात्र दुसऱ्या राज्यात नोंदलेल्या एका स्टाफिंग कंपनीचं नाव, आणि बँकेचं नाव तळाशी बारीक अक्षरात "क्लायंट" या रकान्यात. पीएफच्या पासबुकात तिसरीच आस्थापना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्लिपवरची रुजू झाल्याची तारीख दर वर्षी एप्रिलमध्ये बदललेली. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, काही दिवसांचा खंड, पुन्हा अकरा महिने. चार वर्षं रोज त्याच खुर्चीवर बसलेल्या मुलीची सेवा कागदावर वर्षभराचीही नव्हती.

अशा वेळी घाबरून जाऊ नका आणि लगेच भांडायलाही जाऊ नका. पुरावे गोळा करायला लागा: प्रत्येक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, सगळ्या स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, काम कोण सांगत होतं हे दाखवणारे तुमच्या नावचे संदेश, ड्युटीचा तक्ता, गेटपास. कंपनीचा गोपनीय डेटा, ग्राहकांच्या फाइली किंवा कोड स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तेवढ्या एका कारणावरून तुमचीच बाजू उलटते. तुमच्या नोकरीचे कागद तुमचे आहेत, बाकीचं नाही.

अपॉइंटमेंट लेटर मिळालंच नसेल तर ते लेखी मागा. नव्या संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे.

कागद वाचून झाले की तुम्ही या पाचपैकी एका गटात बसाल: कंपनीचे कायम कर्मचारी, प्रोबेशनवर असलेले, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर थेट कंपनीत असलेले, ठेकेदाराचे किंवा स्टाफिंग कंपनीचे कामगार, आणि बिल देणारे कन्सल्टंट. तिसऱ्या आणि चौथ्या गटात लोक फार गल्लत करतात. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत मालक कंपनी स्वतःच असते. तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याइतका पगार, भत्ते आणि कामाचे तास तुम्हाला लागू होतात आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. दोघांनाही ऑफिसात "कॉन्ट्रॅक्टवर आहे" असंच म्हणतात, म्हणून कागद बघायचा.

दुसरी पायरी: कायदा तुम्हाला कामगार मानतो का?

नोकरीचं खरं संरक्षण इथे आहे. अंगमेहनतीचं, कुशल किंवा अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा माणूस कायद्याने कामगार ठरतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा ठरत नाही. देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर तोही बाहेर जातो. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०,००० होती. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला मात्र पगाराची मर्यादा नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हुद्द्याच्या नावाला कोर्ट फारसं महत्त्व देत नाही, मुख्य काम काय आहे ते बघतं. कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" लिहिलंय, पण कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, कुणाला नेमायचा-काढायचा अधिकार नाही, दिवसभर स्वतःच डेटा तपासायचा किंवा मशीन चालवायचं, तर तुम्ही कामगार असू शकता. आत्ताच बसून तुम्ही रोज प्रत्यक्ष काय करता याची अर्ध्या पानाची यादी करून ठेवा. वाद उभा राहिला की वकील पहिला प्रश्न हाच विचारतात आणि तेव्हा आठवत नाही.

कामगार असाल तर कायद्याची किमान नोटीस आणि भरपाई तुम्हाला मिळतेच, लेटरमध्ये काहीही लिहिलेलं असो. कामगार नसाल तर तुमचं संरक्षण मुख्यतः तुमच्या लेटरमधल्या नोटिशीच्या कलमापुरतं, आणि ते मोडलं तर दिवाणी कोर्टात पैशांचा दावा. म्हणून मॅनेजर मंडळींनी ते कलम सही करण्याआधी दुप्पट काळजीने वाचावं.

तिसरी पायरी: नोटिशीचं कलम शब्दाशब्दाने वाचा

लोक फक्त दिवस बघतात, ३०, ६० की ९०. मी आधी चार गोष्टी बघते.

दोन्ही बाजूंना सारखेच दिवस आहेत का? तुम्ही सोडायचं तर ९० दिवस आणि कंपनीने काढायचं तर ३०, अशी लेटर्स आपल्याकडे सर्रास असतात. सही करण्याआधी बोलायची जागा हीच. "मॅडम, दोन्हीकडून ६० करता येईल का?" एवढंच विचारायचं. रुजू होण्याआधी तुमची गरज कंपनीला असते, नंतर हे कलम बदलून मिळत नाही.

नोटिशीऐवजी पैसे द्यायचा पर्याय कुणाचा? "कोणताही पक्ष नोटीस देऊन अथवा नोटिशीचा पगार देऊन" असं असेल तर तुम्हीही पैसे भरून लवकर निघू शकता. "कंपनीच्या मर्जीनुसार" किंवा "व्यवस्थापनाच्या संमतीने" असं असेल तर बायआउट हा तुमचा हक्क नाही, विनंती आहे.

पैसे कशावर मोजणार, बेसिकवर की ग्रॉसवर? समजा ग्रॉस पगार महिना ९०,००० आणि बेसिक ४५,०००. ४५ दिवस कमी पडले तर ग्रॉसवर १,३५,००० आणि बेसिकवर ६७,५०० भरावे लागतील. एका शब्दाची किंमत इतकी असते. लेटरमध्ये स्पष्ट नसेल तर एच.आर.ला मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. नोटीस-पगाराच्या वसुलीवर कुणी जीएसटी लावत असेल तर ते चूक आहे. ही रक्कम जीएसटीच्या कक्षेत येत नाही असा खुलासा केंद्रीय कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला आहे.

प्रोबेशन कधी संपतं? बहुतेक लेटर्समध्ये "लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू राहील" असं असतं. सहा महिने झाले म्हणून आपण परमनंट झालो असं धरून चालू नका. मुदत संपायच्या आठवड्यात एच.आर.ला मेल करून पत्र मागा. प्रोबेशनमधली नोटीस सहसा १५ किंवा ३० दिवसांची असते, आणि काढणं सोपं असतं.

चौथी पायरी: कंपनी काढते तेव्हा

पहिला प्रश्न, हे कशाखाली चाललंय? शिक्षा म्हणून काढत असतील तर आरोपपत्र, उत्तर द्यायची संधी आणि चौकशी हवी. स्थायी आदेश (कामाच्या अटी आणि शिस्तीचे मंजूर नियम) लागू असलेल्या ठिकाणी चौकशीपर्यंत निलंबित ठेवलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो. विलंब तुमच्यामुळे झाला नसेल तर त्यानंतर ७५ टक्के. शिक्षेशिवाय इतर जवळजवळ कुठल्याही कारणाने कामगाराला कमी केलं तर ती कायद्याच्या भाषेत कपात ठरते. "परफॉर्मन्स कमी पडला" असं सांगून, चौकशी न करता घरी पाठवलं तरीही. याचा अर्थ भरपाई द्यावी लागते.

कपातीची भरपाई मिळायला एक वर्षाची सलग सेवा लागते आणि बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं असेल तर ती भरली असं धरतात. या २४० मध्ये पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्ट्या मोजायच्या, असा सुप्रीम कोर्टाचा १९८५ चा निकाल आहे. फक्त हजेरीचे दिवस मोजून "तुमचे २१० च झाले" असं कुणी सांगितलं तर कॅलेंडर घेऊन स्वतः मोजा.

आता आकडे मांडू. महाप्याच्या एका कारखान्यात ७ वर्षं ८ महिने काम केलेला फिटर, महिना पगार २४,०००, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,०००.

नोटीस: कारणं दिलेली एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा २४,००० रुपये.

कपातीची भरपाई: प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, म्हणून ८ वर्षं. अर्ध्या महिन्याचे १२,००० गुणिले ८, म्हणजे ढोबळमानाने ९६,०००.

ग्रॅच्युइटी: १५,००० × १५ ÷ २६ × ८, म्हणजे सुमारे ६९,२३०. ही भरपाईहून वेगळी आहे. "भरपाईतच ग्रॅच्युइटी आली" हे वाक्य ऐकून गप्प बसू नका.

पुनर्कौशल्य निधी: नव्या संहितेनुसार मालकाने शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. याबद्दल एच.आर. आपणहून क्वचितच बोलतं.

शिवाय शिल्लक रजांचा पगार आणि चालू महिन्याचा पगार.

३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. आयटी ऑफिसला हा परवानगीचा नियम लागू होत नाही; कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरता तो आहे. कपात करताना त्या वर्गात सर्वांत शेवटी आलेल्याला आधी काढायचं, वेगळं करायचं तर कारण नोंदवायचं, आणि वर्षभरात पुन्हा भरती झाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं, हेही नियमात आहे. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या काळात काढता येत नाही. कॉन्ट्रॅक्टची मुदत मध्येच संपली तरी मातृत्वाचे लाभ थांबत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पण प्रत्यक्षात फारच थोड्यांना कपातीचं पत्र मिळतं. बाकीच्यांना राजीनामा द्यायला लावतात. याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान त्या बंद खोलीत होतं.

दुपारी अचानक मीटिंगचं बोलावणं येतं. आत मॅनेजर आणि एच.आर. "आत्ता इथेच मेलवर राजीनामा टाका, दोन महिन्यांचा पगार देऊ. नाहीतर टर्मिनेट करू, मग पुढे नोकरी मिळताना त्रास होईल." समोर लॅपटॉप उघडा, मजकूर तयार. घरी ईएमआय, मुलांची फी, म्हातारे आईवडील. माणूस सही करतो. त्या सहीबरोबर नोटीस, भरपाई आणि दाद मागायचा सोपा रस्ता, तिन्ही जातात, कारण कागदावर त्याने स्वतः नोकरी सोडलेली असते.

त्या खोलीत फक्त एवढं म्हणा: "मला विचार करायला वेळ हवा. जे सांगायचंय ते कृपया मेलवर पाठवा." वाद घालू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण सही किंवा मेल नको. बाहेर आल्यावर त्याच दिवशी कंपनीच्या एच.आर.ला मेल करा. कंपनीचा मेल बंद केला असेल तर स्वतःच्या मेलवरून. मजकूर असा ठेवा:

"आज दिनांक … रोजी … वाजता श्री. … व श्रीमती … यांनी मला राजीनामा देण्यास सांगितले. मी राजीनामा दिलेला नाही व देण्याची माझी इच्छा नाही. मी नेहमीप्रमाणे कामावर येण्यास तयार आहे. मला कामावरून कमी करण्याचा निर्णय झाला असल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा."

दुसऱ्या दिवशी वेळेवर गेटवर जा. कार्ड चाललं नाही किंवा सिक्युरिटीने अडवलं तर तिथूनच वेळ लिहून दुसरा मेल करा. न जाता घरी बसलात तर पुढे "हा स्वतःच यायचा थांबला" असं म्हटलं जातं. तसं म्हणून नोकरी आपोआप संपत नाही, पण तुमचं काम अवघड होतं.

राजीनामा देऊन बसला असाल तरी सगळं संपलेलं नाही. तो स्वीकारला जाण्याआधी, जमल्यास त्याच रात्री, "दबावाखाली दिला, मागे घेत आहे" असं लेखी कळवा. जितका उशीर, तितकं "दबाव होता" हे पटवणं कठीण.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. कंपनी देऊ करत असलेली रक्कम चांगली असेल आणि तुम्हाला तिथे राहायचंच नसेल, तर ती घेऊन निघणं यात काही कमीपणा नाही. आधी वरच्यासारखा तुमचा आकडा काढा, मग तुलना करा, आणि रक्कम, तारीख, रिलीव्हिंग लेटरचा मजकूर हे सगळं मेलवर आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

ठेकेदाराच्या कामगारांनी काय करायचं

ठेकेदार किंवा स्टाफिंग कंपनी तुमची मालक आहे, त्यामुळे नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी आणि पीएफ तिच्याकडून. "क्लायंटने नको सांगितलं" म्हणून तुमची नोकरी कायद्याने संपत नाही. ठेकेदाराने दुसरी साइट द्यायची किंवा रीतसर कमी करायचं. साइट सुटली त्या दिवशीच ठेकेदाराला लिहा: "मी कामासाठी उपलब्ध आहे, पुढची नेमणूक कळवा."

ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ कंपनीने तो द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, ही जबाबदारी जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. म्हणून थकबाकीचं पत्र दोघांच्या नावे लिहा. पीएफचंही तसंच आहे. दर महिन्याला उमंगवर पासबुक बघायची सवय लावून घ्या. दोन महिने रक्कम जमा दिसली नाही की लगेच विचारा. ठेकेदार गायब झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा हे सोपं.

टेंडर बदलतं तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान होतं. महापालिकेची सफाई, हॉस्पिटलचं हाउसकीपिंग, कंपनीचं कँटीन, माणसं तीच राहतात आणि ठेकेदार बदलतो. नवा ठेकेदार पहिल्या दिवसापासूनची नवी तारीख टाकतो. जुन्याकडून सेवा प्रमाणपत्र, शिल्लक रजेचे पैसे आणि हक्क बसत असेल तर ग्रॅच्युइटी, त्याचं बाडबिस्तर हलायच्या आत मागा. गटाने मागितलं तर मिळायची शक्यता वाढते, आणि इथे युनियनचा खरा उपयोग होतो. मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत महापालिकांच्या कंत्राटी कामगारांना जे काही मिळालं, ते एकट्यादुकट्याच्या अर्जाने मिळालेलं नाही.

परमनंट करून घ्यायचा प्रश्न मात्र वेगळा. कंपनीच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला नव्या संहितेत मनाई आहे, पण अपवाद बरेच आहेत, आणि सफाई, सुरक्षा, कँटीन ही कामं सहसा मुख्य कामात धरत नाहीत. कंत्राट बेकायदा ठरलं म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००१ च्या स्टील ॲथॉरिटी खटल्यात सांगितलं. ठेकेदार केवळ कागदापुरता आहे, नेमणं, काम सांगणं, शिस्त, सगळं मूळ कंपनीच करते, हे सिद्ध करावं लागतं. वर्षानुवर्षं सरकारी कामात राबवून घेतलेल्यांच्या बाजूने डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा जग्गो खटल्याचा निकाल आला आहे. वाट लांबची आहे, एकट्याने चालायची नाही, पण बंद नाही.

आपण सोडतो तेव्हा

नव्या ठिकाणचं ऑफर लेटर, त्यात पगार आणि रुजू व्हायची तारीख, हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. फोनवरचं "डन आहे" चालत नाही. राजीनाम्याच्या मेलमध्ये आजची तारीख, लेटरमधल्या कलमाप्रमाणे शेवटचा दिवस आणि लवकर सोडण्याची विनंती असेल तर तीही लिहा. तक्रारी, जुनी दुखणी त्यात नकोत. पोच मिळाली नाही तर दोन दिवसांनी आठवण करा.

नोटीस पूर्ण न करता गेलात तर काय? कुठलंही कोर्ट तुम्हाला जबरदस्तीने काम करायला लावू शकत नाही. पण कंपनी कलमाप्रमाणे पैसे मागू शकते आणि रिलीव्हिंग लेटर अडकतं, जे पुढच्या कंपनीच्या पडताळणीत लागतं. पीएफच्या खात्यात दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर तेही दिसतं. म्हणून माझा सल्ला नेहमी हाच: नव्या कंपनीशी तारखेवर बोला, बायआउटचे पैसे ती देते का ते विचारा, आणि कमी झालेल्या दिवसांची मंजुरी मेलवर घ्या.

"सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जायचं नाही" हे कलम नोकरी सुटल्यानंतर आपल्याकडे टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम त्याच्या आड येतं. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं. बाँडचंही हलकं घेऊ नका. तीन वर्षं भरण्याआधी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची एका सरकारी बँकेची अट सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्या कंपनीत मात्र रुजूच होऊ नका.

बिल देणाऱ्या कन्सल्टंटसाठी

कामगार कायदा तुमच्यासाठी जवळजवळ नाहीच, करार हाच तुमचा कायदा. त्यात तीन वाक्यं असतीलच असं बघा: करार मध्येच थांबला तरी झालेल्या कामाचे पैसे देय राहतील, दोन्ही बाजूंची नोटीस समान, बिल किती दिवसांत चुकतं होईल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आणि ऑनलाइन होते, ती काम सुरू करण्याआधी करून घ्या. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. बिलाच्या आठवणीत हे एक वाक्य घातलं की बऱ्याच अकाउंट्स विभागांना जाग येते.

आणि रोज ठरल्या वेळी हजेरी, एकच कंपनी, रजा मागून घ्यायची, असं असेल तर तुम्ही नावालाच कन्सल्टंट आहात. तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा वाचा.

हिशेब पूर्ण करून घेणं

काढलं असो वा सोडलं असो, राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असा नियम आता आहे. "फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात" ही कंपन्यांची जुनी सवय आहे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांनंतर, कमाल २० लाख. दुकाने व आस्थापना कायद्याखाली साठलेली अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत जमते, तिचे पैसे मागा. पीएफवर सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः टाकू शकता.

"सर्व रक्कम मिळाली, काही दावा नाही" अशा कागदावर आकडा न तपासता सही नको. पैशांची फारच निकड असेल तर सहीखाली "हक्क राखून स्वीकारले" असं लिहा आणि फोटो काढून ठेवा.

दाद कुठे आणि किती दिवसांत

खासगी कारखाना, आयटी, दुकान, हॉस्पिटल असेल तर राज्याच्या कामगार विभागाकडे, म्हणजे ठाणे जिल्ह्यासाठी ठाण्यातल्या कामगार उपायुक्त कार्यालयात. बँक, विमा कंपनी, रेल्वे, उरणजवळचं जेएनपीए बंदर, विमानसेवा यांचे आणि त्यांच्या ठेकेदारांचे कामगार केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातात. वरच्या उदाहरणातली बँकेतली मुलगी आधी ठाण्याच्या कार्यालयात गेली होती आणि तिथून परत पाठवली गेली. हेलपाटा वाचवायचा तर हे आधी बघा.

काढून टाकल्याचा वाद दोन वर्षांच्या आत उभा करायचा. जुन्या कायद्यात तीन होती. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगाराला थेट न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालची तक्रार मात्र ९० दिवसांत करायची असते. वर्षानुवर्षं टेंपररी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही त्या कायद्याच्या यादीत अनुचित प्रथा आहे, पण मूळ कंपनी "हा आमचा कामगारच नाही" म्हणत असेल तर ठेकेदाराच्या कामगाराला आधी ते नातं दुसरीकडे सिद्ध करावं लागतं. कुठला रस्ता धरायचा हे वकील किंवा युनियनबरोबर पहिल्याच महिन्यात ठरवा, म्हणजे ९० दिवसांचा पर्याय हातात राहतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनवर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना लेटर, स्लिपा, बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुक, एच.आर.ला केलेले मेल आणि तारखांची एक पानी यादी न्या, प्रत्येकाच्या दोन प्रती काढून.